कामाची चूक

तळेगावच्या बाजारात बंदी दुनिया, सारीच्या सारी, चांगलं वांगं निवडते, ढोले सर वाकडं निवडते. एका देठाले दोन वांगे लागले असन, भेद्र्याले, म्हणजे टमाट्याले, नाक फुटलं असन, मिरचीच्या टोकाले दोन जिभा आल्या असन, तं तो माल सरचा. जायबाई नावाची भाजीवाली त्याच्यासाठी असा माल टोपल्याच्या बुडाशी आठ-आठ दिवस जपून ठेवते.

"या सर, तुमच्यासाठी जुळं भेद्रं ठेवलं," ती म्हणते.

सर ते भेद्रं उन्हात धरते, चष्मा कपाळावर चढवते अन् म्हणते, "चूक आहे. पण कामाची का?"

"भाजीत टाका, होईन कामाची."

आजूबाजूच्या बाया पदर तोंडाले लावते. सर हसत नाई. त्याचा सवाल खरा असते.

मी किसन. सराचा शेजारी. आमच्या दोघायच्या आंगणात मधात एक बांबूचा तट्टा हाय, तोबी अर्धा मोडलेला. माही शाळा चौथीत सुटली, अन् गोड बोलणं मले कधी आलं नाई. बुढी, म्हणजे माही बायको, होती तवर मी लोकायले तोडून बोलो अन् ती मागून जाऊन सांधून ये. आता ती नाई. तवा या लिहिण्यात कुठं बोचलं तं बोचू द्या.

सर माह्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तोंडावर मी त्याले 'तुम्ही' म्हणतो, मनात अरे-तुरे. इथंबी तसंच लिहितो.

आर्वीच्या शाळेत तो विज्ञान शिकवे. पेन्शनीत निघाला अन् गावातल्या घरी येऊन राह्यला. आल्या आल्या त्यानं ओसरीत बरण्या मांडल्या. एका बरणीत दोन शेपट्यायची पाल, एकीत सापासारखा चपटा झालेला भेंडीचा दांडा, एकीत पाच पानाचा बेल. ज्या जिवात काही उलटं-सुलटं झालं तो जीव सराच्या ओसरीत. प्रत्येक बरणीच्या वर भिताडावर कोळशानं निकाल लिहिलेला. 'पाल – बिनकामाची.' 'भेंडी – बिनकामाची.' 'बेल – बिनकामाची.' खालपासून वरपर्यंत तेच. नवा पोस्टमन आला तवा त्याले वाटलं, या माणसानं बायकोवरचा राग भिताडावर काढला.

एकदा त्यानं सहा बोटायचा कोंबडा आणला. म्हणे, "किसनराव, बोट जास्तीचं आहे. हा जास्त उकरन, जास्त खाईन, याची पिल्लं जास्त जगतील. पाहत राहा."

मी पाहत राह्यलो. कोंबडा दिवसातून चारदा स्वतःच्याच बोटात अडकून तोंडावर पडे. आठव्या दिवशी पडला तो मांजरीच्या पुढ्यातच पडला. सर कोळसा घेऊन गुपचूप भिताडाकडं गेला.

त्याचं म्हणणं काय, ते मले समजलं तसं सांगतो. आपल्या आंगात एक वही असते. माय-बाप ती वही उतरवून लेकराले देते. उतरवताना चुका होते. शाळेतले पोरं फळ्यावरचं उतरवताना करते, तशा. हजार चुकायतल्या बहुतेक बिनकामाच्या. काही जीवच घेते. पण एखादी चूक अशी निघते का ज्याच्या आंगात झाली त्याचं भलं होते. तो जगते, त्याचे लेकरं जगते, अन् चूक वहीत कायमची राहते. सर म्हणे, "मासळीपासून माणसापर्यंत आपण असेच आलो. अशा कामाच्या चुका साचत साचत."

"म्हणजे आपण बंदे चुकलेलेच?"

"हो."

"हे तं मले बुढी रोजच सांगते," मी म्हटलं. तट्ट्यापलीकडून बुढी हसली. तेव्हा ती हसे.

बोंडअळीच्या वेळी मात्र गावानं त्याले मारलंच असतं. नव्या बियाण्याची कापसाची पऱ्हाटी आली तवा तिच्यात अळीसाठी जहर होतं. काही वर्षं अळी मरे. मंग गुलाबी अळी मरायची थांबली. बोंडं फोडा तं आत ती आरामात बसलेली. गाव कपाळ धरून बसलं, अन् हा माणूस पारावर उभा राहून सांगे, "पाहा! इतक्या अळ्यायत एखाद्या अळीत चूक झाली, जहर तिले लागलं नाई. तिचेच लेकरं उरले. डोळ्यांसमोर झालं हे! अशी चूक पाहाले माणसाचा जन्म पुरत नाई!"

गावातला एक कास्तकार, गजानन, उठला. "सर, तुम्ही अळीकून हाय का आमच्याकून?"

मी मधात पडलो म्हणून वाचला. पण मीबी त्याले सुनावलंच. "सर, चूक कामाची, हे कबूल. पण कोणाच्या कामाची?"

"जो जगते त्याच्या."

"अन् दुसरा जो मरते?"

सरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. माह्या बोलण्यानं त्याचं तोंड बंद झालेलं मी तवा पहिल्यांदा पाह्यलं. मले मोठं बरं वाटलं. नसतं वाटलं पाह्यजे, पण ते घरी आल्यावर बुढीनं सांगतलं.

"त्याच्या मिनूचं आठोत नाई का तुमाले?" ती म्हणे. "असं विचारते का माणूस?"

मिनू म्हणजे सराची एकुलती एक पोरगी. तिले सिकल होता, माय-बापाकून येणारा रक्ताचा रोग. आपल्याकडं घरोघर ऐकू येते हे नाव. हाडं दुखे, पोरगी रातभर कण्हे, रक्त लावाले वर्ध्याले न्या, परत आणा. बारावीत असताना गेली. हे लोकायले माहीत हाय. पुढचं बुढीले सराच्या बाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सांगतलेलं.

तेरवीच्या दिवशी पाव्हणे गेले, अन् सरानं खडू घेऊन फरशीवर बाईले समजावून सांगतलं. अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. आपल्यापाशी एकेकच होती, म्हणून आपण धडधाकट. तिच्या वाट्याले दोन्ही आल्या. अन् बरं का, ही चूक एकेकटी कामाची आहे, ज्याच्यापाशी एकच असते त्याले हिवताप सहसा मारू शकत नाई. तुझा आजा, माझा आजा कदाचित हिच्यानंच वाचले.

बाईनं ते सगळं ऐकलं. फरशी पुसली. बॅग भरली अन् नालवाडीले बहिणीकडं गेली. ती परत आली नाई.

असा हा माणूस. खोटं बोलता येत नाई. खरं कधी बोलावं, तेबी समजत नाई.

माही बुढी गेली, म्हणजे शांता, तवाबी त्यानं तेच केलं. पोटात गाठ होती. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली, आम्ही घरी आलो. दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेली. लोकं येऊन बसे. कोणी म्हणे सुटली बिचारी, कोणी म्हणे सवाष्ण गेली. सर आला, माह्यापुढं उकिडवा बसला अन् म्हणे, "पेशीची चूक झाली, किसनराव. बिनकामाची."

माह्या हाताशी लोटा होता. तोच मारला. कानाले लागला. सरानं लोटा उचलला, पाणी सांडलं होतं ते पंच्यानं पुसलं, लोटा जागेवर ठेवला अन् गेला. दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाई. तसा मी कोणाशीच बोललो नाई. चूल पेटवो, भात टाको, तो करपे, अन् करपलेला खाओ. वावराकडं गेलोच नाई. कापूस फुटला, लोंबला, मातीत पडला. मले काय त्याचं.

पौषात एक दिवस उठलो अन् वावरात गेलो. वेचाले नाई, उपटाले. म्हटलं बंदं उपटतो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचतो, पेटवतो. मंग माहं काय ते पाहू. खरं सांगतो, त्या दिवशी घरी परतायचा माहा काही विचार नव्हता. कमरेले बैलबंडीचा दोर बांधून गेलतो. इंधनाले मोळी बांधाले, असं मीच मले सांगत होतो.

अळीनं वावर खाऊन टाकलं होतं. बोंडं अर्धवट उघडलेली, आत किडक्या कापसाची पिवळी कवडी. मी एका कडेनं उपटत निघालो. दुपारपर्यंत अर्धं वावर झालं. मंग वावरातल्या निंबापाशी आलो. सावलीच्या कडेले एक झाड होतं, त्याले हात घातला.

"थांबा! किसनराव, थांबा!"

धुऱ्यावरून सर पळत आला. त्या माणसाले मी पळताना कधी पाह्यलं नव्हतं. चप्पल एक पायात, एक मागं राह्यली. आला अन् झाडाखाली बसलाच. बोंडं चाचपाले लागला.

"हे पाहा. बोंडं कमी आहेत, पण साफ. एकालाही छेद नाई. बंदं वावर किडलं अन् हे एकटं साफ! चूक आहे, किसनराव. याच्यात चूक झाली. कामाची!" त्यानं माहा हात बाजूले केला. "हे उपटू नका. मले द्या हे झाड. पाया पडतो."

मी पाह्यलं. झाड खरंच साफ होतं. अन् काऊन साफ होतं, ते मले त्याच घडीले समजलं.

ते बुढीचं झाड होतं. पोळ्यापासून तिचे पाय सुजले, निंदन होईना. पण घरी राहीना. "मले वावरात ने, इथं भिताडं खाते मले," म्हणे. मंग मी तिले बंडीत बसवून नेओ, निंबाखाली पोतं टाकून बसवो अन् माह्या कामाले लागो. तिच्या हाताच्या टप्प्यात तेवढं एकच झाड होतं. त्याची डोमकळी आली का ती तोडे. डोमकळी म्हणजे न उमललेलं, पिळलेलं फूल. त्याच्यात अळी असते. तोडे, अळी काढे, चिरडे. छेद पडलेलं बोंड दिसलं का तेबी तोडून टाके. दिवसभर तेच. मी म्हणो, "अवं, एका झाडानं काय होते?" ती म्हणे, "तुमचं तुम्ही पाहा. माहं मले पाहू द्या."

म्हणजे सराची कामाची चूक ही नव्हती. हे माह्या बुढीचे बोटं होते.

आता मी तोंडाचा फाटका माणूस. सांगून टाकाले पाह्यजे होतं. पण तो मातीत बसला होता, डोळ्यात पाणी, बुढीच्या झाडाले दोन्ही हातानं धरून. ती गेल्यापासून तिच्या कोणत्या वस्तूले असं कोणी धरलं नव्हतं.

"घ्या," मी म्हटलं. अन् कमरेचा दोर सोडून त्याले दिला. झाडाभोवती काट्या बांधाले.

सरानं कुंपण केलं, वर फाटकी छत्री बांधली. गाव पाहाले आलं. गजाननबी आला, म्हणे, "सर, याले नारळ फोडाचं का?" सरानं त्या सांजी नालवाडीले फोन लावला. कितीक वर्षांनी लावला असन. तट्ट्याजोळ उभा होता, मले बाईचाही आवाज ऐकू आला.

"सापडली," सर म्हणे. "कामाची चूक. वावरात सापडली."

बाईनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "एका झाडावर माहा विश्वास नाई. बी पेरा त्याचं. लेकरूबी तसंच निघालं तं येतो पाहाले."

मास्तराची बायको. बरोबर बोलली.

मृगात सरानं आंगणात आठ पिपे मांडले, तेलाचे, खाली भोकं पाडलेले. बी पेरलं. पाणी द्यायचं काम माह्यावर. मी नाई म्हटलं तं म्हणे, "झाड तुमचं आहे, किसनराव. मी नुसता पाहणारा." मंग सकाळी मी पाणी द्याले जाओ. गेलो का तो चहा मांडे. चहा झाला का भात टाके, त्याच वाकड्या वांग्याची भाजी. आठ-दहा दिवसांनी पाह्यलं तं माह्या घरची चूल बंदच झाली होती. जेवणं तिकडंच. बोलणं फार नाई. तो पिपे मोजे, मी भिताड वाचो.

पोळ्याले फुलं आले. तिसऱ्या दिवशी पाणी घालताना एक फूल पिळलेलं दिसलं. उघडलं. आत गुलाबी अळी.

मी अळी चिरडली अन् फूल खिशात टाकलं. काय करू? सराले सांगू, तं हा फोन करन नालवाडीले, खरं तेच सांगन, अन् बाई येणार नाई. मंग मी ठरवलं. सर सकाळी दूध आणाले जाते, त्या वेळात मी आठही पिपे तपासो. डोमकळ्या तोडून खिशात. घरी नेऊन चुलीत. बोंडं धरली तवाबी तसंच. जिंदगीत पहिल्यांदा मी चोरून काम केलं. बुढी असती तं हसून लोळली असती.

गंमत म्हणजे मले जेवढ्या अळ्या सापडाले पाह्यजे होत्या तेवढ्या सापडत नव्हत्या. मले वाटे, खरंच या बियाण्यात काही असन का? रोज सकाळी तेवढ्यापुरतं वाटे.

नवरात्रात बाई आली. पोरगी गेल्यावर पहिल्यांदा. केस बंदे पांढरे. ओसरीतल्या बरण्यायकडं पाह्यलं नाई, भिताड वाचलं नाई. सरळ पिप्यापाशी बसली. सर बाजूले उभा, इस्तरी केलेला सदरा, हात मागं, इन्स्पेक्टरपुढं मास्तर उभा राहते तसा.

बाईनं एकेक बोंड दाबून पाह्यलं. दोन तोडून दगडावर ठेचले. आत पांढरंशुभ्र.

"साफ हाय," ती म्हणे.

"आहे ना?" सर म्हणे. "मी म्हटलं होतं. कुठं तरी असते. कामाची."

बाई उठली. हात झाडले. आवाज चढवला नाई, शिवी दिली नाई. नुसतं विचारलं, "मंग आपल्या मिनूच्या वेळी कुठं गेलती ही?"

मी चहा टाकतो म्हटलं. बाई म्हणे, "नको भाऊजी, बस चुकन." सर तिच्या मागं-मागं स्टँडवर गेला. तासाभरानं एकटाच आला. येताना जायबाईनं काही वाकडं दिलं असन, ते पिशवीत तसंच राहू दिलं. पिप्यापाशी येऊन बसला.

मले राहवलं नाई. एवढं झाल्यावर खोटं कायले ठेवाचं? म्हटलं, "सर, एक सांगतो. ही चूक-बिक काही नाई. रोज सकाळी मी अळ्या काढत होतो. अन् ते निंबाखालचं झाड..."

"शांताबाईचं होतं," सर म्हणे. "माहीत आहे मले. मी रोज त्या धुऱ्यावरून फिरे, काही वाकडं सापडते का पाहाले. त्या दिसत. निंबाखाली बसलेल्या."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मंग ते पळणं, पाया पडणं?"

सरानं चष्मा काढला. "तुमच्या कमरेले दोर होता, किसनराव. मी धुऱ्यावरून पाह्यलं. तुम्हाले काय म्हणाचं ते सुचलं नाई. मागच्या वेळी बोललो तं लोटा बसला. मले बोलता येत नाई. मंग जे येत होतं तेच बोललो."

तो पिप्यातली माती बोटानं उकरत राह्यला.

"अन् बाईले फोन?"

"तेही खोटंच. म्हटलं, येईन तरी." मंग उलीसा हसला. "सकाळी तुम्ही काढत होते अळ्या. संध्याकाळी तुम्ही गेले का मी काढो. तुमच्या नजरेले पडू नये म्हणून. तरीच त्या सापडत नव्हत्या दोघायले."

आम्ही दोन बुढे हसलो का रडलो ते सांगता येत नाई. सांज पडली होती. समोरच्या झाडावर एक डोमकळी पिळून बसली होती, दोघायच्याही हातून सुटलेली. मी हात पुढं केला अन् थांबलो. म्हटलं, बुढी कशी तोडे? नखानं खुडे का पिळून काढे? दोन महिने ती माह्यासमोर बसून तेच करे, अन् मी बैलायच्या डवऱ्यामागं पाठ करून. एकदाबी नीट पाह्यलं नाई. ते सरालेच बोलून दाखवलं.

"डाव्या हातानं," सर म्हणे.

"नाई हो. ती उजवी होती."

"जेवताना. वावरात डाव्यानं तोडे. अंगठ्यानं देठ दाबून, खाली ओढून. कोणी येताना दिसलं का हात बदले. मी आलो तरी बदले, मंग मी लांबून जाऊ लागलो."

तवा मले आठोलं. लग्न होऊन आली तवा ती डावखुरी होती. डाव्या हातानं वाढे, म्हणून माह्या मायनं तापलेल्या सांडशीनं तिचा हात शेकला होता. मी ओसरीत बसून होतो. महिन्याभरात ती उजव्यानं बंदं कराले लागली. मले वाटे सवय सुटली. इतक्या वर्षांत मी तिले कधी विचारलं नाई.

सर ते डोमकळीचं झाड पाहत होता. मी वाट पाहत होतो का तो आता म्हणन, चूक आहे, पण कामाची का. त्याचा तोच सवाल. तो म्हटला नाई. कोळसाही उचलला नाई. त्यानं आपला डावा हात पुढं केला, अंगठा देठावर ठेवला अन् खाली ओढलं. सवय नव्हती, फूल तुटता तुटेना.

"थांबा," मी म्हटलं, अन् माहा डावा हात घातला.